पैसे थांबवण्याचं कलम आधी वाचा

युद्धग्रस्त भागातल्या आरोग्यसेवेचा हिशेब सांभाळायला निघालेल्या तरुण सहकाऱ्यांना मी आधी एकच सांगते: करार हाती आला की पैसे थांबवण्याविषयीचं कलम शोधा. मला हे काबूलमध्ये, एका स्वयंसेवी संस्थेचा हिशेब पाहताना कळलं.

अफगाणिस्तानात 2002 पासून अनेक देशांची मदत जागतिक बँकेच्या देखरेखीखालच्या एका सामाईक निधीत जमा व्हायची. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘सेहतमंदी’ प्रकल्पाला त्याचा मोठा आधार होता. 34 पैकी 31 प्रांतांतले दवाखाने संस्था कंत्राटावर चालवत. कापिसा, पंजशीर आणि परवान हे उरलेले तीन प्रांत आरोग्य मंत्रालयाकडे होते. ही व्यवस्था चांगली होती, असं मी आजही ठामपणे म्हणते. प्रत्येक देणगीदाराचे वेगळे तक्ते, वेगळी तपासणी हा जाच त्यामुळे बराच कमी झाला.

पण अख्खं गाव एकाच विहिरीवर होतं. पैसा सरकारी तिजोरीतून यायचा. त्यातलाही बराच मोबदला झालेल्या कामावर, पडताळणीनंतर मिळायचा. म्हणजे बाळंतपणं, लसीकरण, औषधं यांचा खर्च संस्थेनं आधी करायचा, बिल नंतर. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि त्या तिजोरीत पैसा भरायला कुणी देणगीदार तयार होईना. महिना संपायच्या आत निधी थांबला. झालेल्या कामाची रक्कम आमच्या वहीत ‘येणं’ म्हणून पडून राहिली. सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितलं, सेहतमंदीचे फक्त 17 टक्के दवाखाने पूर्णपणे चालू आहेत.

एका डोंगराळ भागातल्या केंद्रातून औषधांच्या स्टॉक कार्डाचे फोटो यायचे. ऑक्सिटोसिनच्या रकान्यातला आकडा उतरत उतरत शून्यावर आला. बाळंतपणाच्या रजिस्टरमधल्या नोंदी मात्र चालूच होत्या. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारं हे इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. फ्रिजला जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेलवाल्याची उधारी तुंबलेली. तिथली सुईण पगाराविना कामावर येत होती. प्रवासात सोबत न्याव्याच लागणाऱ्या घरच्या पुरुषाचं भाडंही तीच भरत होती.

ऑक्टोबरात ग्लोबल फंडाच्या पैशातून संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीनं कर्मचाऱ्यांचे पगार थेट द्यायला सुरुवात केली. डिसेंबरात सामाईक निधीतले 28 कोटी डॉलर युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाकडे वळवले गेले. म्हणजे दुसरी वाट काढता येत होती. ती करारात आधीच लिहिलेली असती, तर मधले आठवडे त्या सुईणीवर आले नसते. देणगीदारांनी सरकारवर दबाव जरूर आणावा, पण तो प्रसूतिगृहातून आणू नये.

म्हणून कराराची चर्चा चालू असतानाच आग्रह धरा. सरकार बदललं, निर्बंध आले, तर पगार आणि औषधांचा पैसा कोणाकडून, कोणत्या वाटेनं, किती महिने येणार, हे लिहून घ्या. पगार आणि अत्यावश्यक औषधं कामगिरीवरच्या मोबदल्यातून वगळून घ्या. गोळीबारानं रस्ता बंद झाला म्हणून रुग्ण कमी आले, तर त्याची शिक्षा नर्सला नको. राखीव साठा राजधानीच्या गोदामात नको, केंद्राजवळ हवा. बँकेत रोकड नसेल तेव्हा हवाल्याखेरीज गत्यंतर राहत नाही. देणगीदाराची त्याला लेखी परवानगी आधीच घ्या, दलालाचं कमिशन उघडपणे खर्ची टाका आणि पगार घेणाऱ्याची सही किंवा अंगठा पावतीवर घ्या. लेखापरीक्षक वर्षभरानं येतो, तेव्हा तोंडी खुलासे चालत नाहीत.

छोट्या स्थानिक संस्थांना तर माझी कळकळीची विनंती आहे: स्वतःच्या गंगाजळीतून किती दिवस दवाखाना चालवता येईल, हे कागदावर मांडा आणि तो आकडा देणगीदारांच्या पहिल्याच बैठकीत त्यांच्यासमोर ठेवा. आगाऊ रक्कम तिथेच मागा. सही झाल्यावर ती मिळणं फार अवघड जातं.