पंप ओढणीखाली लपवू नका



मुलाला टाइप-१ मधुमेह आहे हे कळलं की घरात दोन प्रश्न उठतात. पहिला मोठ्याने विचारला जातो: आमचं काय चुकलं? दुसरा दार लोटून घेऊन विचारतात: हे बाहेर कुणाला सांगायचं का?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकते. तुमचं काहीही चुकलेलं नाही. लाडू-पेढे जास्त दिले म्हणून हा आजार होत नाही. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट होतात. त्यानंतर इन्सुलिन बाहेरून द्यावं लागतं, आयुष्यभर. इन्सुलिन उपलब्ध होण्याआधी असं मूल फार काळ जगत नसे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचलं, तेव्हापासून चित्र पालटलं. म्हणून कुणी कितीही आपुलकीने कारल्याचा रस, जांभळाच्या बिया किंवा कुठली पुडी आणून दिली आणि ‘आता सुई बंद करा’ म्हटलं, तरी इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर बोलायचंय. माझी लेक इन्सुलिन पंप वापरते. त्या निमित्ताने सोलापुरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली अनेक घरं जवळून पाहायला मिळतात. मुलगा असेल तर पंप पँटच्या खिशाला उघड लावलेला असतो. मुलगी असेल तर तो ओढणीखाली जातो, आणि पुढे लग्नात अडचण नको म्हणून सख्ख्या आत्यालाही कळू देत नाहीत. ही भीती मला समजते. तिच्यामागे माया आहे. पण मुलीचा जीव धोक्यात घालणारी माया काय कामाची?

पंप म्हणजे नक्की काय, ते आधी सांगते, कारण ऑपरेशन करून आत बसवतात असं अजून पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. मुठीत मावेल एवढं यंत्र, त्यात लवकर काम करणाऱ्या इन्सुलिनची छोटी टाकी, तिथून निघालेली बारीक नळी आणि तिच्या टोकाला पोटावर किंवा मांडीवर त्वचेखाली बसणारी मऊ कॅन्युला. ही जोडणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायची. पंप दिवसरात्र थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडत राहतो, त्याला बेसल म्हणतात. जेवताना वेगळा डोस द्यायचा, तो बोलस. सेन्सरला जोडलेले नवे पंप साखर पाहून बेसल स्वतः कमी-जास्त करतात, पण ताटात काय आहे हे त्यांनाही आपणच सांगावं लागतं.

आणि ते सांगायचं तर हिशोब यावा लागतो. दवाखान्यातून मिळणाऱ्या तक्त्यात बहुतेक वेळा ब्रेडचे स्लाइस आणि पोळ्या असतात, आपल्या घरात तर ज्वारीची भाकरी. आमच्या आज्जींनी यावर साधा उपाय काढला. कोरडं पीठ काट्यावर मोजून घ्यायचं आणि त्याच्या एकसारख्या आकाराच्या भाकरी थापायच्या. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण सत्तर ग्रॅम कर्बोदकं असतात. त्या पिठाच्या दोन भाकरी झाल्या तर एकीत पस्तीस. कडक भाकरी पातळ असते, तिचा आकडा वेगळा. शेंगाचटणीत कर्बोदकं थोडी, शेंगापोळीत गुळामुळे भरपूर. सगळ्यात अवघड हुरडा. शेतात उभ्या उभ्या गप्पा मारत मूठ मूठ किती खाल्ला, कोण सांगणार? म्हणून लेकीचा हुरडा आधी वाटीत काढतो, मग तिने मनसोक्त खावा. तिला काहीही वर्ज्य नाही. मोजून घेतलं की सगळं खाता येतं.

हे सगळं घरात निभावतं. खरी कसोटी बाहेर लागते, आणि लपवाछपवी तिथेच महागात पडते.

आपल्याकडचा उन्हाळाच घ्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो. घामाने चिकटपट्टी सुटते, कॅन्युला नकळत बाहेर येते. पंपात दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन नसतंच, त्यामुळे पुरवठा तुटला की अंगात साठा उरत नाही आणि काही तासांतच रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढायला लागतात. मुलीला मळमळतंय, पोट दुखतंय, साखर २५०च्या वर आहे आणि बोलस देऊनही उतरत नाही, असं दिसलं तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून कांद्याचा रस चोळत बसू नका. कीटोन तपासा, डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेनने द्या, जोडणी बदला. उलट्या सुरू झाल्या तर थेट रुग्णालय गाठा. इन्सुलिन पेन आणि सुया पंपासोबत कायम दप्तरात हव्यात. इन्सुलिन उन्हात ठेवलेल्या स्कूटरच्या डिकीत विसरलात तर ते फेकून द्या. फ्रिजमध्ये ठेवताना बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही. फ्रिज नसेल किंवा वीज सारखी जात असेल तर माठ आहेच. बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या वाळूच्या माठात ठेवली की ती बरीच थंड राहते. आणि एक बारीकशी गोष्ट, जी नव्या पालकांना कुणी सांगत नाही: फ्रिजमधलं गार इन्सुलिन लगेच पंपाच्या टाकीत भरू नका. ते गरम होताना बुडबुडे धरतात आणि नळीतून इन्सुलिनऐवजी हवा जाते. थोडा वेळ बाहेर ठेवून मग भरा.

आता सांगा, मुलगी शाळेत असताना कॅन्युला निघाली आणि तिला अंगावर पंप आहे हे कुणालाच कळू द्यायचं नसेल, तर ती काय करेल? घरी येईपर्यंत गप्प बसेल. मुली बसतात. वर्गात पंप वाजला, बाईंना मोबाइल वाटला आणि त्यांनी तो काढून द्यायला सांगितला, असे प्रसंग घडलेत. चूक बाईंची म्हणता येत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

साखर उतरते तेव्हा तर आजूबाजूची माणसंच मदतीला येतात. सत्तरच्या खाली आली की हात थरथरतात, घाम फुटतो, मूल चिडतं किंवा गोंधळतं. त्या क्षणी पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. इतकं सोपं आहे, पण शेजारच्याला ठाऊक असेल तरच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर निजवून लगेच रुग्णालयात न्यायचं. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर मुलं किती चालतात हे तुम्हाला माहीत आहे. माझी लेक चुलत भावंडांबरोबर जाते. त्या सगळ्यांच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असतात आणि तिचा चेहरा उतरला की तिच्याआधी त्यांना कळतं.

टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला लहानपणापासून टाइप-१ आहे. टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्णपदक त्याने हा आजार सोबत घेऊनच जिंकलं. २०२२ मध्ये तो याबद्दल जाहीरपणे बोलला. पुढच्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये त्याला कोर्टवर इन्सुलिन टोचून घेऊ नको असं सांगण्यात आलं, कारण ते बरं दिसत नाही. त्याने ते निमूट ऐकून घेतलं नाही. ‘बरं दिसत नाही’ हे आपल्या घरातलंच वाक्य आहे की नाही? आपल्या मुलींनाही त्याच्यासारखं ठामपणे बोलता यायला हवं. स्थळाचं म्हणाल, तर साखर नीट सांभाळणारी मुलगी शिकते, नोकरी करते, नियोजन करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईही होते. जे घर हे ऐकून मागे फिरेल, ते लग्नानंतर कळल्यावर तिला कसं वागवेल, याचा विचार करा.

पैशाबद्दलही मोकळेपणाने बोलू. पंपाची किंमत लाखांत जाते आणि दर महिन्याचा नळ्या-टाक्यांचा खर्च वेगळाच. तो परवडत नाही म्हणून रात्र रात्र रडणाऱ्या आया मी पाहिल्यात. ताई, सोनं मोडू नका. १९९३ साली ज्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाने काटेकोर नियंत्रणाचा फायदा सिद्ध केला, त्यात काही रुग्ण पंपावर होते तर काही दिवसातून तीन किंवा जास्त इंजेक्शनांवर. डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचा धोका या उपचारांनी ७६ टक्क्यांनी कमी झाला. मोजमाप आणि शिस्त असेल तर सुईनेही मूल उत्तम वाढतं. ज्यांना भाकरीचा हिशोब अजून जमत नाही, त्यांनी पंप घ्यायची घाई करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी पेनवर सहा-आठ महिने वही भरा. मार्गदर्शनासाठी पुण्यात जहांगीर रुग्णालयातली हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ आहे. टाइप-१च्या मुलांसाठी तिथे मनापासून काम चालतं.

शाळेचे नियमही हळूहळू बदलताहेत. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेला मधुमेही मुलांना खाऊ आणि पाण्याची बाटली जवळ ठेवायची परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून शाळांनी अशा मुलांची काळजी घ्यावी असं सुचवलं. पण ही सवलत मागायला आधी आजार सांगावा लागतो, लेखी आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. एका कागदावर मराठीत लिहून काढा: माझ्या मुलीला टाइप-१ मधुमेह आहे, तिच्या अंगावर इन्सुलिन पंप आहे, तो काढायचा नाही, साखर उतरल्याची लक्षणं ही, तेव्हा ग्लुकोज द्या, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे, आमचे फोन नंबर हे. त्याच्या प्रती वर्गशिक्षकांना, पी.टी.च्या सरांना आणि रिक्षावाल्या काकांना द्या. एक प्रत तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला स्वतः वाचून दाखवा, आणि तेव्हा मुलीला शेजारी बसवा.