अक्षराचे वळण आणि शिक्षकाचा शब्द

पहिलीतील मूल पाटीवर ‘क’ काढते. डावीकडचा गोल दांड्यापासून सुटतो. ‘चूक!’ एवढेच म्हणून शिक्षक पाटी परत देतात. मूल पुन्हा तसाच ‘क’ काढते आणि असे चारसहा वेळा झाले, की पाटी बाजूस सारते. हा दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. त्याला मिळालेल्या सूचनेचा होय.

हात हलताना हालचाल कशी होईल याचा अंदाज मेंदू बांधीत असतो. अंदाज व प्रत्यक्ष यांत अंतर पडले, की लहान मेंदू त्या अंतरावरून पुढील प्रयत्न सुधारतो. केवळ ‘चूक’ या शब्दातून ते अंतर किती व कोणत्या बाजूस, हे कळत नाही.

१९३२ साली ट्रोब्रिज व केसन यांनी डोळे बांधलेल्या विद्यार्थ्यांकडून ३ इंचांच्या रेघा काढून घेतल्या. रेघ किती लांब वा आखूड झाली हे ज्यांना सांगितले, त्यांची प्रगती नुसते ‘बरोबर’ वा ‘चूक’ ऐकणाऱ्यांहून पुष्कळ अधिक झाली.

मात्र प्रत्येक अक्षरामागे सूचना देत राहू नये. तसे केल्यास मूल शिक्षकाच्या शब्दावर विसंबते व तो थांबताच वळण बिघडते. आरंभी वरचेवर, पुढे चारपाच अक्षरांनंतर सांगावे. त्याआधी, ‘यांतले तुला कोणते आवडले?’ असे मुलालाच विचारावे.

‘दांडा सरळ आला, आता गोल त्याला टेकव,’ एवढे वाक्य पुरे. मूल पाटी पुसून पुन्हा लिहू लागले, म्हणजे सूचना पोहोचली असे समजावे.