छापचित्रांना कोणती फ्रेम?

प्रश्न : समकालीन चित्रकारांची काही छापचित्रे जमवली आहेत. घरी लावण्यासाठी फ्रेम कशी निवडावी?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : फ्रेमच्या पट्टीआधी माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, ठरवा. तो आम्लविरहितच घ्या. साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. माउंटमुळे काचही चित्राला टेकत नाही, नाहीतर पावसाळ्यात दमट कागद तिला चिकटतो. तळाची पेन्सिलीतली सही आणि ५/२५ असा आवृत्तिक्रमांक मात्र झाकू नका, छापचित्राची ती ओळख आहे. चित्र माउंटला जोडायला फेविकॉल, सेलोटेप नकोच. वरच्या कडेला जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून घ्या. फ्रेम साधी सागवानी शोभेल. सोनेरी नक्षीपुढे नाजूक रेषा हरवते. मराठवाड्यातले ऊन रंग उडवते, म्हणून पश्चिमेचे ऊन येणारी भिंत टाळा. फ्रेमवाला कागदाच्या कडा कापू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.