मोटारीचा पुढचा दिवा आणि त्याचा बल्ब



मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. मुंबईच्या उपनगरात, अंधेरीला, मोटारींच्या वायरिंगचे काम करतो. "तुझ्या कामातले काहीतरी भित्तिपत्रकासाठी लिही," असे गुरुजी म्हणाले, म्हणून हा पाठ.

पुष्कळ गिऱ्हाइके म्हणतात, "सगळ्यांत झगझगीत बल्ब टाका." मी त्यांना विचारतो, "उजेड कुठे पाडायचाय? रस्त्यावर, की समोरच्याच्या डोळ्यांत?" या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचा धडा.

दिव्याच्या आत काय असते?

दिव्यात मागे चकचकीत वाटी असते. तिला परावर्तक म्हणतात. वाटीच्या मध्ये बल्ब बसतो. अनेक मोटारींत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात टंगस्टनच्या दोन तारा असतात. एक तार पेटली की उजेड लांबवर जातो. त्याला ड्रायव्हर लोक 'अप्पर' म्हणतात. दुसरी पेटली की उजेड खाली, जवळ पडतो, तो 'डिप्पर'. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी पन्हळ असते. ती खाली जाणारे किरण अडवते. ते किरण वाटीच्या खालच्या भागावर पडले असते, तर परावर्तन होऊन वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेले असते. म्हणजे तारेची जागा केसभर जरी चुकली, तरी उजेडाची वाट चुकते.

बल्ब कसा निवडावा?

पूर्वी मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी धावत. त्यांचे पुढचे दिवे गोल असत. अशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता दिव्यांचे आकार नाना तऱ्हेचे, म्हणून बल्बही वेगवेगळे. तेव्हा अंदाजाने घेऊ नये. तीन गोष्टी पाहाव्यात.

१) नंबर : जुन्या बल्बच्या बुडावर किंवा गाडीच्या पुस्तकात तो लिहिलेला असतो. एच-४ ला दोन तारा, तर एच-७ ला एकच. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. ठोकून, वाकवून बसवूच नये.

२) व्होल्ट : मोटारीला १२ व्होल्टचा बल्ब लागतो. मोठ्या ट्रकला २४ व्होल्टचा. मोटारीचा बल्ब ट्रकला लावला तर लगेच उडतो; ट्रकचा मोटारीला लावला तर मिणमिणतो.

३) वॉट : एच-४ वर ६०/५५ असे लिहिलेले असते. अप्पर ६० वॉट, डिप्पर ५५ वॉट. आता गणित करू. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ६० ÷ १२ = ५ अँपिअर. कोणी हौसेने १०० वॉटचा बल्ब घातला तर? १०० ÷ १२ = सुमारे ८.३ अँपिअर. वायर तीच, पण वीज दीडपटीहून जास्त! मग वायर तापते, होल्डर वितळतो, प्रसंगी आगही लागते.

काहीजण हॅलोजनच्या वाटीत बाजारातला एलईडी बल्ब बसवतात. दिसायला तो लखलखीत. पण त्यातला उजेडाचा ठिपका तारेच्या नेमक्या जागी नसला, तर किरण सैरावैरा पसरतात. कारखान्यातूनच एलईडी दिवा आलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वाटी व भिंग त्याच्याच मापाचे असतात.

बल्ब कसा बदलावा?

हे काम मोठ्या माणसांचे. तुम्ही शेजारी उभे राहून पहा.

१) इंजिन व दिवे बंद करावेत. बल्ब निवू द्यावा. हॅलोजनची काच अतिशय तापते.
२) बॉनेट उघडून दिव्यामागचा वायरींचा होल्डर सरळ ओढावा. मग रबरी टोपी काढावी.
३) तारेची क्लिप दाबून सोडवावी. जुना बल्ब बुडाला धरून काढावा.
४) नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा लागला की ती जागा जास्त तापते व बल्ब लवकर जातो. बोट लागलेच तर स्पिरिटने पुसावे.
५) बुडाच्या तीन जिभा खाचांत बसवाव्यात. एच-४ एकाच बाजूने नीट बसतो.
६) क्लिप, रबरी टोपी, होल्डर परत लावावे. टोपी फाटकी असेल तर पावसाळ्यात पाणी आत जाते.

शेवटी गाडी सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. डिप्पर लावावा. उजेडाच्या पट्ट्याची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून पट्टा उजवीकडे सपाट असतो आणि डावीकडे थोडा चढतो. उजवीकडून समोरची गाडी येते. डावीकडे कडेने चालणारा माणूस दिसायला हवा.

एवढी काळजी कशासाठी?

अंधेरी-घाटकोपरला रस्त्यावर दिव्यांचे खांब आहेत. पण गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत झाडी दाट, बिबट्याचाही वावर. आपल्या गावचा रस्ताही काळोखाचाच. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ड्रायव्हरचे डोळे दोनच सेकंद दिपले, तरी गाडी ३३ मीटर आंधळी धावते! तेवढ्यात कडेने कोण चालले होते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात : दिव्यापुढे ८ मीटरवर, त्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिवा दिपवता कामा नये. तुमचे डोळे तर त्याहून खाली आहेत. म्हणून गाडी येताना दिव्याकडे टक लावून पाहू नका, रस्त्याच्या कडेला थांबा.

आणखी एक. ज्या मोटारीचा एकच दिवा लागतो, ती अंधारात लांबून मोटारसायकल वाटते. आपण तेवढीच वाट सोडतो आणि मोटार अंगावर येते. म्हणून एक बल्ब गेला तर 'उद्या बघू' म्हणू नये. दोन्ही बल्ब बरोबरच बदलणे उत्तम. एक गेला की दुसराही फार दिवस टिकत नाही.

स्वाध्याय

१) ५५ वॉटच्या बल्बमधून १२ व्होल्टला किती अँपिअर वीज जाते?
२) डिप्परच्या तारेखाली पन्हळ का असते?
३) घरी किंवा शेजारी गाडी असेल, तर तिचे दोन्ही दिवे लागतात का ते आज संध्याकाळी पहा. एखादा लागत नसेल तर गाडीवाल्याला सांगा.