लेक नेपाळला सेवेसाठी निघते तेव्हा



उपासना सुटल्यावर मंडळीच्या आवारात कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, पोरगी नेपाळला जायचं म्हणतेय. पाठवू का?" विचारताना आवाज खाली येतो, आणि तो का येतो ते मला कळतं. बावीस-तेवीस वर्षांची पोर, नुकती कुठे नोकरीला लागलेली, आणि निघाली परदेशात, तेही मिशनच्या कामाला. तरुण संघाच्या मुलांची अशा प्रवासाची तयारी मी करून घेते, म्हणून आज तुम्हा आई-बाबांशी मोकळेपणाने बोलते. माझं उत्तर आहे, पाठवा. पण तिथे ती पाहुणी म्हणून जाते आहे, हे तिच्या आधी आपल्याला उमजायला हवं.

नेपाळ आपल्याला परका वाटतच नाही. व्हिसा लागत नाही. पुण्याहून गोरखपूरची गाडी, पुढे सोनौली, तिथली कमान चालत ओलांडली की आपण नेपाळात. दुकानांच्या पाट्या देवनागरीत. या जवळिकीमुळेच आपण गाफील राहतो. साधं ओळखपत्राचं बघा. आपण मुलाच्या खिशात आधार कार्ड घालतो आणि निर्धास्त होतो, पण या प्रवासाला तरुण माणसाचं आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं.

कायदाही वेगळा आहे. 2015 च्या संविधानाप्रमाणे नेपाळ धर्मनिरपेक्ष आहे, आपापला धर्म पाळायची मोकळीक आहे. मात्र त्याच संविधानाच्या 26 व्या कलमाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे. 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर काढतात. भारतीयही तिथे परदेशीच.

हे ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल. मला मात्र आपल्या मुलांपेक्षा जास्त काळजी वाटते ती यजमानांची. आपली मुलं आठ-दहा दिवसांनी घरी येतात, यजमान तिथेच राहतात. एखाद्या उत्साही पोराने बसस्टँडवर पत्रकं वाटली, तर पोलीस दार ठोठावतात ते तिथल्या पाळकांचं. त्यांच्या मुलांना शाळेत टोमणे, घरमालकाची कुरकुर, हे सगळं आपली गाडी गोरखपूरहून सुटल्यावर सुरू होतं. म्हणून निघण्यापूर्वी मुलांना मी एकच नियम घालून देते: तिथले पाळक सांगतील ते करायचं, ते नको म्हणतील ते मनात कितीही आलं तरी करायचं नाही.

तिथल्या मंडळीला आपण काहीतरी द्यायला जातो आहोत, असं मुलांना वाटतं. त्या मंडळीची वाट जरा आठवून बघा. राणांची राजवट 1951 मध्ये संपेपर्यंत देशाची दारं मिशनऱ्यांना बंदच होती. नेपाळी भाषेतलं संपूर्ण पवित्र शास्त्र 1914 मध्ये आलं ते गंगाप्रसाद प्रधानांच्या कष्टातून, आणि तेही सरहद्दीच्या अलीकडे दार्जिलिंगला बसून. सीमेवरच्या नौतनव्यात वर्षानुवर्षं वाट पाहणारी नेपाळी आणि परदेशी माणसं 1952 मध्ये पोखऱ्याला पोचली. बाप्तिस्मा घेतला, दिला, म्हणून लोक तुरुंगात गेले. आज 2021 च्या जनगणनेप्रमाणे नेपाळात पाच लाखांवर ख्रिस्ती आहेत, तरी दोन टक्क्यांच्या आतच. उपासना शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुट्टी शनिवारची. 25 एप्रिल 2015 चा तो भूकंप शनिवारीच, दुपारी बाराच्या सुमारास झाला. माणसं प्रार्थनेला बसलेली होती, आणि काही मंडळ्यांवर छप्परं कोसळली. अशांच्या घरी आपली मुलं जेवायला जाणार आहेत. तिथे शिकवायला उभं राहण्याआधी मुकाट्याने ऐकावं, असं मला फार मनापासून वाटतं.

मग एवढ्या दिवसांत करायचं काय? चपला दाराबाहेर काढून सतरंजीवर बसायचं, "जय मसीह" म्हणायचं. लिपी आपलीच असल्यामुळे गीतांचं पुस्तक उघडून पहिल्याच शनिवारी त्यांच्याबरोबर गाता येतं. डाळभात वाढतील, डोंगरात गेलात तर ढिंडो आणि गुंद्रुक वाढतील, ते आनंदाने खायचं आणि भांडी घासायला मागे थांबायचं. नर्सिंग झालेली मुलगी असेल, तर तानसेनचं मिशन हॉस्पिटल किंवा काठमांडूच्या दक्षिणेचं आनंदबन कुष्ठरोग रुग्णालय बघून यावं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली सेवा काय असते, ते तिला दिसेल. अनाथालयात खाऊ वाटण्याचा कार्यक्रम कोणी ठेवला असेल, तर तो मात्र रद्द करायला लावा. नेपाळातल्या अशा अनेक संस्थांमधल्या मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी लेकरं घरापासून तोडली जातात, ही तिथली मोठी जखम आहे.

टीम नेणाऱ्याला तुम्ही प्रश्न विचारा, त्यात अविश्वास नाही. बोलावणं कोणत्या मंडळीचं आहे? त्यांच्याशी तुमची ओळख किती वर्षांची? पैशाचा हिशेब दाखवाल का? विमा काढला आहे का? पावसाळ्यात का नेताय? जून ते सप्टेंबर डोंगरातले रस्ते दरडींनी बंद पडतात. बुटवलहून वर तानसेन, पोखऱ्याकडे जाणारा घाट तर फारच अवघड. बोलावणं कोणाचं, याचं धड उत्तर मिळालं नाही, तर पोरगी रडली तरी या वेळी पाठवू नका.

आणि एक काम फक्त तुमचं. रोज फोटो मागू नका. तिने पाठवलाच, तर तो तुमच्याजवळच ठेवा. तिथल्या एखाद्या घरात आठ-दहा जण गुडघे टेकून प्रार्थना करतायत, एक म्हातारी रडते आहे, आपली पोर तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे. असा फोटो आला की आईचा ऊर भरून येणारच. मग तो मंडळीच्या ग्रुपवर जातो, खाली कोणीतरी गावाचं नाव घालतं, कोणी "एवढे आत्मे जिंकले" असं लिहितं, आणि संध्याकाळपर्यंत तो कुठल्या कुठे पोचतो. त्या म्हातारीला कोणी विचारलं होतं का? तिचा चेहरा, तिचं गाव, तिची प्रार्थना, सगळं पुराव्यासारखं कोणाच्याही हाती लागतं. तुमच्या अंगठ्याखाली ते थांबू शकतं.

ती परत येईल तेव्हा जरा वेगळी असेल. पुढच्याच रविवारी साक्ष द्यायला तिला उभं करू नका. ताटात टाकलेल्या अन्नावरून ती चिडेल, चुलतभावाच्या लग्नाचा खर्च ऐकून गप्प बसेल. "चार दिवसांत संत झालीस का?" असं कृपा करून म्हणू नका. आईने भाजी निवडताना शेजारी बसवून घेतलं, तर आपोआप बोलू लागेल. कदाचित म्हणेल, मला पूर्ण वेळ सेवेत जायचंय. तुमची खरी भीती तीच आहे ना? लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. नोकरी चालू ठेव, वर्षभर इथल्याच मंडळीत पडेल ते काम कर, आपण मिळून प्रार्थना करू, असं सांगा. हाक खरी असेल तर ती वर्षभरात विझणार नाही. मग तुम्हालाही तिच्या बाजूने उभं राहणं सोपं जाईल.

शेवटी एक मागणं आहे. आपण तिकडे जातो, ते इकडे फारसे येत नाहीत. पुढच्या वर्षी तिथल्या दोघा-तिघा तरुणांना बोलवावं, केडगावचं मुक्ती मिशन दाखवावं, आपल्या उपासनेत त्यांना बोलू द्यावं, असं आमच्या मनात आहे. तेव्हा तुमच्या घरातली एक खोली आठवडाभर मिळेल का, ते मला येत्या रविवारपर्यंत कळवा.