खांदे खाली सोडा

मोहफुलाच्या हंगामात पहाट झाली की आम्हा वनरक्षकांना धडकी भरते. मार्च-एप्रिलमध्ये बायामाणसं अंधारातच टोपल्या घेऊन जंगलात शिरतात, वाकून फुलं वेचतात, आणि ब्रह्मपुरी वनविभागात वाघ तर शेताच्या बांधापर्यंत येतो. काही घडलं की गावाचा राग आधी झेलायचा तो वनरक्षकाने. 2021च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना आमची एक सहकारी वाघाच्या हल्ल्यात गेली. तेव्हापासून गस्तीवर निघताना घरच्यांचे चेहरे पाहवत नाहीत.

असा ताण अंगात उतरतो. माझी आधी मान धरली, मग पाठ, मग झोप उडाली. एका खासगी दवाखान्यात गेलं की सुई मिळायची. काम काय करता, झोपता किती, हे कुणी कधी विचारलं नाही. दुखणं दबायचं आणि पुन्हा डोकं वर काढायचं. वेदनाशामक औषधं महिनोन्महिने चालू राहिली तर पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात, रक्तदाब चढतो. माझा चढला.

पुढे सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला स्टुलावर बसवलं, दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, “दादा, खांदे खाली सोडा.” मला वाटलं, सोडलेलेच आहेत. त्यांनी आरसा दाखवला. खांदे कानांकडे चढलेले, जबडा आवळलेला. मग पाठीवर झोपवून, गुडघे दुमडून, हात पोटावर ठेवायला लावला. श्वास नाकाने घ्यायचा, पोट वर यायला हवं, छाती नाही. आणि सोडायला जास्त वेळ लावायचा. लांब सोडलेल्या श्वासाने नाडी मंदावते, स्नायू सैल पडतात. हे जमल्यावरच त्यांनी मानेचे व्यायाम दिले.

“गस्तीत चालतोच की, वेगळा व्यायाम कशाला?” असं आमचे बरेच जण म्हणतात. पण कान टवकारून, दबकत चालणं वेगळं आणि हात मोकळे सोडून गावरस्त्याने झपझप चालणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर 2023मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली. सरसकट कमरेला पट्टा बांधू नये, असंही सांगितलं.

आपल्या गडचिरोलीतलंच उदाहरण घ्या. 1986मध्ये ‘सर्च’ ही संस्था उभी करणारे डॉ. अभय बंग यांना वयाच्या 44व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. आहार, चालणं, योगासनं आणि ध्यान यांनी जगणं कसं बदललं, ते त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’मध्ये लिहिलं आहे. हे पुस्तक प्रत्येक वनवसाहतीत हातोहात फिरावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि खर्रा सोडाच. पन्नीत घोटलेला तो तंबाखू-सुपारीचा घास तोंडात धरला की बरं वाटतं, पण ती फक्त तलफ भागलेली असते. निकोटीनने धडधड आणि रक्तदाब वाढतात. झोपही सांभाळा. रात्रीची गस्त असेल तर दिवसा खोली अंधारी करून झोपा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पाठदुखीत पाय बधिर झाला, त्यातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मनच थाऱ्यावर नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.