मासा मेला नाही, म्हणून पाणी चांगलं?

नाल्यात मासे मरून तरंगले की वस्तीत आरडाओरडा होतो, पाण्याचा नमुना घ्यायला माणूस येतो. मासे पोहत असले की सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. पण मरण ही विषबाधेची शेवटची पायरी. आधीच्या पायऱ्या माशाच्या प्रथिनांत दिसतात.

प्रथिन म्हणजे फक्त डाळ-अंडं नव्हे. शरीरातली बहुतेक कामं प्रथिनंच करतात. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा फवारणीचं औषध प्यालेला पेशंट आला की त्याच्या रक्तातलं कोलिनइस्टरेज तपासायला पाठवायचो. ते कमी आलं की विष किती भिनलं याचा अंदाज यायचा. तेच औषध शेतातून ओढ्यात उतरलं तर माशाच्या मेंदूतलं याच जातीचं प्रथिन मंदावतं. मासा जिवंत असतो, पण सुस्त. पाण्यात कॅडमियम असेल तर माशाच्या यकृतात धातूला बांधून ठेवणारं मेटॅलोथायोनिन वाढतं.

सगळ्यात बोलका पुरावा ब्रिटनमधला. अंड्यातल्या बलकासाठी मादी मासा यकृतात व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवते. नराच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. तिथल्या शास्त्रज्ञांनी सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ट्राउट मासे पिंजऱ्यात ठेवले. काही आठवड्यांतच नरांच्याही रक्तात हे प्रथिन भरपूर सापडलं. हे 1994 साली प्रसिद्ध झालं. कारण निघालं स्त्री-संप्रेरकं: लघवीतून जाणारी नैसर्गिक, गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम, शिवाय तसाच परिणाम करणारी काही कारखान्यांची रसायनं. यावरून कुणी बायांना गोळी बंद करा म्हणू लागलं तर ऐकू नका. पाणी नीट शुद्ध करणं हे केंद्र चालवणाऱ्यांचं काम आहे.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या एका लहान तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे गोळीतलं संप्रेरक मुद्दाम सोडून पाहिलं. प्रमाण लिटरला फक्त 5 ते 6 नॅनोग्रॅम. ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोग्रॅम. आधी तिथल्या छोट्या माशांच्या नरांत व्हिटेलोजेनिन वाढलं. मग पिल्लं होईनाशी झाली आणि ती जात तळ्यातून जवळजवळ संपली. प्रथिन वाढलं तेव्हाच कळलं होतं.

आता आपल्या चुलीकडे या. नरात हे प्रथिन सापडलं म्हणजे तो मासा खाऊन आपल्याला विषबाधा होते असं नाही. ते पाण्याची खबर देतं. पाऱ्याची गोष्ट वेगळी. तो माशाच्या मांसातल्या प्रथिनांनाच चिकटून बसतो, म्हणून कितीही धुवा, तळा, जात नाही. लहान मासे खाऊन जगणाऱ्या मोठ्या माशात तो जास्त साठतो. त्यामुळे गरोदर सुनेला मोरी नको, तारली-मांदेली द्या. मासे बंद मात्र करू नका, एवढ्या पैशात एवढं चांगलं अन्न दुसरं कुठलं? कारखान्याच्या पाण्याखाली पकडलेला मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आणि पुढच्या वेळी नमुना घ्यायला माणूस आला की त्याला विचारा, बाटलीभर पाणी नेताय, जिवंत मासा कधी तपासणार?